कमी बजेटमध्ये जुनी फॅमिली कार: नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

नंदुरबार जिल्ह्यात घरी चारचाकी असणे ही आता नुसती हौस राहिलेली नाही. अक्कलकुव्याहून रात्री पेशंट हलवायचा असतो, धडगावच्या घाटातून बाळंतिणीला खाली आणायचे असते, अम्मी-अब्बांना तपासणीसाठी धुळ्याला किंवा सुरतेला न्यायचे असते. अशा वेळी एसटी आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर संसार चालत नाही. नवीन गाडीचे पैसे नसतात आणि व्याजाचे कर्ज अनेक घरांना नको असते. मग नजर वळते जुन्या गाडीकडे. ज्या कुटुंबाकडे दीड ते तीन लाख रुपये आहेत, पाच ते सात माणसे आहेत आणि एकदा फसल्यावर दुसऱ्यांदा उभे राहण्याइतकी ऐपत नाही, अशा कुटुंबासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आमचे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. इंजिन बिघडले तर पंधरा-वीस हजार, फार तर तीस-चाळीस हजार खर्चून ते दुरुस्त होते. कागद बिघडला तर गाडी दारात उभी असूनही आपली नसते. आपल्या जिल्ह्याला दोन राज्यांच्या सीमा लागून आहेत, त्यामुळे कागदाचा हा प्रश्न इथे जास्तच येतो. म्हणून आधी कागद, मग इंजिन आणि शेवटी रंग व सीट कव्हर, असा क्रम ठेवावा. बाजारात गाडी दाखवणारा मात्र बरोबर उलट क्रमाने दाखवतो.

पैशाचा हिशोब

हातात अडीच लाख असतील तर अडीच लाखांची गाडी बघायला जाऊ नका. दोन लाखांचीच बघा. उरलेल्या पन्नास हजारांत नाव बदलणे, विमा, चार टायर, बॅटरी, पहिली मोठी सर्व्हिसिंग आणि हमखास निघणारे एखादे काम भागवायचे असते. जुन्या गाडीवर पहिल्या सहा महिन्यांत खर्च निघतोच. ज्याने सगळे पैसे गाडीतच ओतले, त्याची गाडी मग टायरवाचून अंगणात उभी राहते.

पैसे जमवायला आपल्याकडे भिशी हा जुना मार्ग आहे आणि तो चांगला आहे. नातेवाईकांकडून कर्ज-ए-हसना घेत असाल तर रक्कम आणि परतीची तारीख लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहिण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, तरी आपल्याकडे भावाभावांत लिहिणे म्हणजे अविश्वास समजला जातो. दोन भावांनी मिळून गाडी घेतली तर आरसीवर एकाचेच नाव लागते. दुसऱ्याचा वाटा किती, दुरुस्ती कोण करणार, विकली तर पैसे कसे वाटणार, हे एका कागदावर उतरवून दोघांनी सही करावी. जाता जाता एक मसला: घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण गाडीसाठी साठवलेली रक्कम निसाबाएवढी होऊन तिला वर्ष झाले तर त्या रकमेवर जकात येते. आपल्या हिशोबाबद्दल मौलानांना विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुनी गाडी विकणारा मात्र अजून जुन्या किमतीवरून हिशोब सांगत असतो. त्याच मॉडेलच्या नवीन गाडीची आजची किंमत शोरूममध्ये विचारून मगच भाव करायला बसा.

कोणती गाडी

मॉडेल निवडताना आमची कसोटी एकच आहे: नवापूर, शहादा किंवा तळोद्याच्या साध्या गॅरेजमध्ये ही गाडी दुरुस्त होईल का, आणि पार्ट दुसऱ्या दिवशी मिळेल का? या कसोटीला मारुती सर्वांत आधी उतरते, त्यानंतर ह्युंदाई. टाटा आणि महिंद्राच्या काही गाड्याही चालतात.

चार-पाच माणसांच्या घराला वॅगनआर आम्हाला सगळ्यांत सोयीची वाटते. २०१० नंतरच्या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचे के-सीरीज इंजिन आहे. गाडी उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्या दादीलाही वाकून बसावे लागत नाही. अल्टो ८०० त्याहून स्वस्त पडते आणि पेट्रोलही कमी खाते. पण तिचे इंजिन ७९६ सीसीचे. पाच मोठी माणसे, मागे सामान आणि एसी चालू ठेवून तोरणमाळचा घाट चढायचा म्हटले की तिची दमछाक होते. नवरा-बायको आणि दोन लहान मुले एवढेच कुटुंब असेल तर ती पुरेशी आहे. ह्युंदाईची आय-टेन आणि जुनी सँट्रो झिंग याही बऱ्या, मात्र सँट्रो झिंगचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे तिचे वय बघूनच घ्यावी.

घरात सात माणसे असतील तर या बजेटमध्ये ईको हा खरा पर्याय. इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे उन्हाळ्यात पाय तापतात. दिसायला साधी आहे आणि आरामही बेताचाच आहे. पण लग्नाला सगळे एकत्र जातात आणि दुरुस्ती स्वस्त पडते. फक्त ईको घेताना ती आधी मालवाहू किंवा शाळेच्या फेऱ्यांना जुंपलेली नव्हती ना, हे नीट बघा. एर्टिगा २०१२ मध्ये आली. तीन लाखांच्या आत जी मिळते ती बहुधा फार फिरलेली किंवा पूर्वी टॅक्सी असलेली असते.

काही गाड्या बाजारात फार स्वस्त दिसतात आणि त्याला कारण असते. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. डॅटसन २०२२ मध्ये गेली. फोर्डची फिगो चालवायला चांगली गाडी आहे, यात वाद नाही. पण शहाद्यात तिचा एक सेन्सर गेला तर तो सुरतेहून किंवा नाशिकहून मागवावा लागेल. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याने हा शौक करावा.

डिझेलचा मोह अनेकांना होतो. जुन्या स्विफ्ट आणि डिझायरचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन ॲव्हरेजला चांगले असते. मात्र टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच निघाला की पेट्रोल गाडीच्या दुप्पट-तिप्पट बिल येते. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत फिरणार असाल तर पेट्रोलच घ्या. डिझेलचे वाचलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये जातात. सीएनजी असेल तर आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि रांग किती असते, हे आधी पाहून या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडे कमी धरावे आणि इंधनाचे रबरी पाइप व गॅस्केट मिस्त्रीला तपासायला सांगावेत.

सुरक्षेबाबत एक तारीख लक्षात ठेवा: १ जुलै २०१९. तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीचे झाले होते. त्यामुळे २०१५ ची टॉप मॉडेल आणि २०१९ च्या शेवटची साधी मॉडेल एकाच भावात मिळत असेल, तर म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील सोडून साधी घ्या. मुले मागच्या सीटवर बसणार आहेत.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

नवापूर रेल्वे स्टेशनच्या फलाटावरच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द आहे. एका बाकावर बसून माणूस दोन राज्यांत असतो. आपले व्यवहार, सोयरीक, दवाखाने सगळे सुरतेशी जोडलेले आहे, म्हणून गाडीही सुरतेहून आणावी असे वाटणे साहजिक आहे. तिथला जुन्या गाड्यांचा बाजार मोठा आहे, निवड भरपूर आहे आणि भाव आपल्याकडच्यापेक्षा कमी सांगितला जातो. पण जीजे-०५ ची गाडी एमएच-३९ होईपर्यंत तिचा भाव बदललेला असतो.

दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते. त्यासाठी तिथले चलान आणि कर भरलेले असावे लागतात, बँकेचा बोजा उतरलेला असावा लागतो. मग नंदुरबार आरटीओत नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि नाव बदलण्याचे फॉर्म, गाडीची तपासणी, आणि महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर. वैयक्तिक नावावरच्या, १० लाखांपर्यंत किमतीच्या पेट्रोल गाडीला हा कर ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार त्यात कपात मिळते. लक्षात घ्या, हिशोब सुरू होतो तो गाडीच्या मूळ किमतीवरून, तुम्ही ठरवलेल्या सौद्यावरून नाही. चार लाख मूळ किमतीच्या पेट्रोल गाडीचा नवी असतानाचा कर ४४ हजार होतो आणि तिथून वयाची कपात सुरू होते. नक्की आकडा गाडी घेण्याआधी आरटीओत मॉडेल आणि वर्ष सांगून काढून घ्या. पहिल्या मालकाने गुजरातमध्ये भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि खेपा लागतात. एवढे करून गाडी तरीही स्वस्त पडत असेल तर जरूर आणा.

एजंट सांगतात, "काही करू नका, तशीच चालवा, इथे अर्ध्या गाड्या जीजेच्याच आहेत." मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नवीन नोंदणी करावी लागते. हा १२ महिन्यांचा अवधी नोंदणीसाठी आहे. नाव बदलायला एवढा अवधी नाही, हे सांगायला एजंट विसरतो.

गुजरातची गाडी घेताना पुराचीही आठवण ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, सीट बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग स्वच्छ आणि आतला भाग मातकट असेल तर समजून जा. कार्पेट उचलून हात फिरवा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, हेडलाइटच्या आत धुके किंवा चिखलाची रेघ आहे का बघा. काचा बंद करून दहा मिनिटे आत बसा. कुबट वास अत्तराने झाकत नाही. पाण्यातून निघालेल्या गाडीची वायरिंग महिन्या-दोन महिन्यांनी दगा देते, म्हणून ट्रायलच्या दिवशी ती छान चालते.

दिल्लीच्या डीएल नंबरच्या डिझेल गाड्याही इकडे येतात. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या स्वस्तात बाहेर पडल्या. गाडी चकचकीत दिसते, पण वय तेच आणि कराचा व एनओसीचा प्रश्नही तोच. फरक एवढाच की एनओसीत चूक निघाली तर दिल्लीला जावे लागते. साधारण कुटुंबाने या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

कागद वाचणे

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या साइटवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, गाडी कितव्या मालकाकडे आहे, हे तिथे दिसते. ई-चलान वेगळे तपासा. काही गाड्यांवर दहा-पंधरा हजारांची चलाने साठलेली असतात आणि ती भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. चोरीची गाडी ओळखण्यासाठी एनसीआरबीच्या साइटवर वाहनाची एनओसी काढता येते. तिच्यात इंजिन आणि चासी नंबर टाकावा लागतो.

आरसीवर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत पण त्या नीट बघा. उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख यांत फरक असू शकतो. २०१७ च्या डिसेंबरात बनलेली गाडी "२०१८ मॉडेल" म्हणून विकली जाते. चासी नंबर आरसीवरून नाही, गाडीवरून वाचून जुळवा. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर असलीच पाहिजे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली असली पाहिजे. नोंद नसलेले किट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात दिलेले आयते कारण. कर्ज फिटले आहे असे मालक सांगत असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात घेऊनच पुढे बोला.

गाडीचे वय १५ वर्षांच्या जवळ असेल तर भाव वेगळ्याने करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मग तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये आहे. २० वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १० हजार झाली. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवीन सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का तेही बघा. नसेल तर नाव बदलण्याचे काम अडते.

एक प्रसंग आपल्या घरांत वारंवार येतो. गाडी मरहूम अब्बांच्या नावावर असते आणि एक भाऊ ती विकत असतो. अशी गाडी त्या भावाच्या सहीवर घेऊ नका. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतर झाले पाहिजे आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती पाहिजे. त्यात बहिणी आल्या, आई आली. शरीअतने त्यांचा हिस्सा ठरवून दिला आहे. विकणाऱ्याने तो विचारात घेतला नसेल तर घेणाऱ्याने तरी विचारावा.

गाडी तपासणे

आपला मिस्त्री आपण न्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी आपण द्यावी. पैसे न घेता "मी बघून देतो" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरीकडून काहीतरी मिळत असते. नात्यातला असला तरी मजुरी द्या, म्हणजे तो मोकळेपणाने नाही म्हणू शकेल.

गाडी सकाळी आणि थंड असताना सुरू करा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवून कळते. मग दुसऱ्या दिवशी न सांगता जा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरते आहे, हेड गॅस्केटचा प्रश्न असू शकतो. ऑइल भरायचे झाकण उघडून बघा. आत दुधाळ साय असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आकडा मागे फिरवून देणारे लोक आहेत. ४० हजार चाललेल्या गाडीचे ब्रेकचे पॅडल गुळगुळीत कसे झाले, स्टिअरिंग चकाकते कसे, चालकाची सीट बसली कशी, हे विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाच्या संमतीने जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळतात आणि त्यांत त्या-त्या दिवसाचे किलोमीटर असतात. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच म्हणून धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

अपघात झालेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बघा. बोनेट आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पान्याने खोललेले असतील तर त्यांच्यावरचा रंग उडालेला असतो. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, तिथे वेल्डिंग किंवा सुरकुती लपत नाही. काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. पाच काचा सारख्या आणि एक वेगळी असेल तर का, ते विचारा. एका बाजूचा दरवाजा बदलला असेल तर हरकत नाही, तेवढा भाव कमी करून घ्यावी. चासीला मार असेल तर फुकट मिळाली तरी नको.

ट्रायल गावातल्या रस्त्यावर नको. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट आहे, शहाद्याकडून तोरणमाळचा आहे. जो जवळ असेल तिथे, घरात जेवढी माणसे असतात तेवढी बसवून आणि एसी लावून न्या. चढावर तापमानाचा काटा वर जातो का, इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असे होते का, म्हणजे क्लच घसरतो का, ते बघा. उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का बघा. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा, गाडी सरळ जायला हवी. एसी तर दुपारीच तपासा. आपल्याकडच्या मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर ही चैनीची वस्तू नसते.

सौदा

ओळखीच्या माणसाकडून घेतली तर दलाली वाचते आणि गाडीचा इतिहास कळतो. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी ते लागते. डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्हाला सांगितलेल्या भावात आहे की वरून, हेही आधी ठरवा. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहारावर हा कर नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढले आणि ते वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. गाडीच्या बाजारात "जशी आहे तशी" या तीन शब्दांत ओले धान्य खाली जाते. फिकहमध्ये ऐब लपवला तर ग्राहकाला वस्तू परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा: अपघात झाला होता का, इंजिन खोलले होते का, पाण्यात गेली होती का? त्याची उत्तरे विसार पावतीवर लिहून घ्या. प्रामाणिक माणूस लिहून देतो. जो हसून विषय बदलतो त्याने उत्तर दिलेलेच आहे.

विसार, म्हणजे बयाना, पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका. बयाना जप्त करण्याची आपल्या बाजारात रीत आहे, पण हनफी मतानुसार सौदा मोडला तर बयाना परत करायचा असतो. पावतीवर तसे लिहिलेले असेल तर नंतर भांडण नाही. बाकीची रक्कम बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

नावावर करणे

इथे सगळ्यांत जास्त ढिलाई होते. सही केलेले कोरे टीटी फॉर्म घेऊन गाडी घरी आणतात आणि "पुढे विकायचीच आहे" म्हणून नाव बदलत नाहीत. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० भरून काम करायचे असते. त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे असे कलम ५० सांगते. अर्ज परिवहनच्या साइटवर करता येतो, त्यासाठी एजंट लागतोच असे नाही.

नाव न बदलण्यात धोका दोघांनाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. त्या खटल्यातल्या मूळ मालकाने गाडी अपघाताच्या जवळपास दोन वर्षे आधीच विकली होती. म्हणून विकणाऱ्या भावांनीही हे वाचावे. घेणाऱ्याच्या बाजूने बघा: मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे त्यालाच असतो. घरचा कमावता माणूस दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवताना गेला, तर बायको-मुलांच्या हातात या विम्यातून काहीच येत नाही.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय अडते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो आपल्याला मिळत नाही, त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो. विम्याबद्दल कुणाला शरई शंका असेल, पण थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला त्याचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये आणि त्यावर १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे, जीएसटी वेगळा.

एक मोह टाळा. गाडीचा खर्च निघावा म्हणून पांढऱ्या नंबर प्लेटवर भाड्याच्या फेऱ्या किंवा शाळेची मुले नेणे. खासगी नोंदणीच्या गाडीत भाडे घेतले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे वेगळे, माणशी पन्नास रुपये घेऊन बाजाराच्या दिवशी सात जण भरणे वेगळे.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोट करा. त्यावर तारीखच नाही, तर वेळही लिहा, किलोमीटरचा आकडा लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्या मिनिटापर्यंतची चलाने त्याची, पुढची आपली. दुसरी किल्ली, मूळ आरसी आणि सर्व्हिस बुक मागून घ्या. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्या खात्याशी जोडलेला असतो, तो त्याला बंद करायला सांगा आणि आपल्या नावाचा नवीन लावा. नाहीतर धुळ्याच्या पहिल्या फेरीला टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि संध्याकाळी त्याचा फोन येईल.